शिंगं नकोत, शेपूट नको. मग हवंय काय?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले की माझ्या टेबलावर पहिल्या लेव्हलला उडणारी पात्रं चालत नाहीत. त्या एका वाक्यावर इतकं टपाल आलं की बुद्धिबळ आणि पत्त्यांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांनी कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण एकेक पात्र घेऊन बसतात आणि एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. जग डीएमचं, पात्रं बाकीच्यांची, आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा सांगतो. पात्राची रेस असते (माणूस, एल्फ, ड्वार्फ वगैरे) आणि क्लास असतो (लढणारा फायटर, जादूगार विझार्ड, देवाचा माणूस क्लेरिक वगैरे). खेळत जाईल तसं पात्र एकेक लेव्हल चढतं आणि ताकदवान होतं. यातलं काय घेऊ द्यायचं आणि काय नाही, यावरून मित्रामित्रांत अबोला होतो. खोटं वाटत असेल तर पुढचं पत्र वाचा.

बाई, नमस्कार. मी आयटीत आहे, शनिवारी रात्री पाच जणांसाठी डीएम करतो. नवीन कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी एक सलग गोष्ट) कोकणासारख्या किनाऱ्यावर घडणार आहे: खाडी, जलदुर्ग, गलबतं, देवराई. त्यात मला एल्फ आणि ड्रॅगनबॉर्न नकोत, जादूही जवळजवळ नको. म्हणून ग्रुपवर यादी टाकली: फक्त माणसं, आणि क्लास चारच, फायटर, रोग (म्हणजे चोरटा), रेंजर, बार्बेरियन. एकाने आधीच टीफलिंगची (शिंगं-शेपटीची, सैतानी रक्ताची रेस) सहा पानी बॅकस्टोरी लिहून ठेवली होती. तो म्हणतो, 'हा खेळ आहे की सरकारी फॉर्म?' आणखी एक मैत्रीण ग्रुपवर गप्पच झाली आहे. माझं चुकतंय का? (डोंबिवली)

जग तुम्ही उभं करणार, दर शनिवारी घसा तुम्ही कोरडा करणार, तेव्हा त्यात कोण राहतं हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे. त्यावर वाद नाही. पण ग्रुपवरची यादी तुम्ही पत्राला जोडली आहे, ती मी वाचली. तिच्यात ओळीओळीला 'नाही' आहे आणि खाडीचा उल्लेखसुद्धा नाही. तुमच्या डोक्यातला जलदुर्ग वाचणाऱ्याला दिसत नाही. त्याला कळतं एवढंच, की आपलं टीफलिंग गेलं.

मनाई कशी करावी हे पाहायचं असेल तर डार्क सन बघा. तेव्हा हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीने १९९१ मध्ये काढलेलं हे जग. सगळं वाळवंट. तिथे नोम (एक बुटकी रेस) नाहीत, कारण त्यांचा पार संहार झालाय. देव नाहीत, म्हणून क्लेरिक पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्यापैकी एकाला भजतात. धातू दुर्मीळ, म्हणून शस्त्रं हाडांची आणि ऑब्सिडियनची. हाफलिंग (दुसरी बुटकी रेस) आहेत, पण ते माणसं खातात. आणि विझार्डने बेपर्वाईने जादू केली की आजूबाजूची झाडंझुडपं जळून राख होतात. यातलं कुठलंही 'नाही' ऐका, लगेच पुढचा प्रश्न तोंडावर येतो: नोमना कोणी मारलं? लोखंडाचा खंजीर सापडला तर त्याचं मोल काय? प्रश्न पडला की माणूस खेळायला बसलाच म्हणून समजा. तुमच्या यादीने कोणालाही प्रश्न पडलेला नाही, फक्त राग आलाय.

तेव्हा यादी फाडा आणि पुन्हा लिहा. या किनाऱ्यावर कोण कोण भेटतं ते आधी लिहा. तांडेल, मचव्यावरची पोरं, मिठागरावर राबणारे, जलदुर्गाच्या दिंडीवरचा पहारेकरी, परमुलखातून जहाजावर आलेला आणि इथेच राहिलेला तोफखान्यातला माणूस. हे वाचल्यावर एल्फ कुठे गेले असं बहुतेक कोणी विचारणारही नाही.

आता एक गंमत. जादू नको म्हणून तुम्ही चार क्लास ठेवलेत ना? पण २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या मूळ नियमपुस्तकात, रेंजर दुसऱ्याच लेव्हलला मंत्र टाकायला लागतो. फायटर तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट होऊ शकतो, रोग आर्केन ट्रिकस्टर. दोघांनाही विझार्डचे मंत्र मिळतात. बार्बेरियन उरला, तर टोटेमची वाट धरली की तोही जनावरांशी बोलतो. म्हणजे पुढच्या दारावर कुलूप आणि मागचं सताड उघडं. यातलं काही तुमच्या शनिवारच्या मंडळींच्या नजरेतून सुटेल असं मला तरी वाटत नाही.

शिवाय कोकण घेतलंत आणि देवस्की वगळलीत, हे मला पटलेलं नाही. विझार्ड नको, ठीक. आगीचे गोळे फेकणारा माणूस त्या किनाऱ्यावर मलाही नको. पण क्लेरिक ठेवा. त्यांचा ऑग्युरी नावाचा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र काढून वाचा. खुणा केलेल्या काड्या किंवा तसलंच काही टाकून पुढच्या अर्ध्या तासात करायच्या कामाबद्दल विचारायचं, आणि उत्तरं चारच: शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा काहीच नाही. आता गावच्या देवळात कौल कसा लावतात ते आठवा. पाषाणाला कळे चिकटवलेत, गाऱ्हाणं घातलंय, सगळे श्वास रोखून बघताहेत की उजवा पडतो की डावा. मंत्राचा एक नियमही न बदलता तो प्रसंग जसाच्या तसा तुमच्या टेबलावर येतो. उत्तर तुम्ही मनाशी ठरवायचं, एवढंच. (आणि तुमच्या जगात गाऱ्हाणं कोणालाही घालू दे, बाईमाणसालाही. जग तुमचंच आहे ना?)

वॉरलॉकही ठेवा, एकाच तऱ्हेचा. वॉरलॉकची ताकद कोणाशी तरी केलेल्या करारातून येते. तुमच्याकडे देवचार आहे. हद्दीचा राखणदार, रात्रीची फेरी मारणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा, आणि मान चुकला की हिशेब मागणारा. याच्यापेक्षा चांगला पेट्रन छापील पुस्तकात शोधून सापडायचा नाही.

आता टीफलिंगवाले सहा पानी गृहस्थ. ती पानं वाचलीत का तुम्ही? पत्रावरून वाटत नाही. टीफलिंग मागणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एकाला शिंगं-शेपूट हवी असते, चित्र काढायला. दुसऱ्याला हवी असते ती गावाची नजर: आपण काही केलेलं नाही, पण रक्तात काहीतरी आहे म्हणून लोक आपल्याला टाळतात. सहा पानं लिहिणारा बहुधा दुसऱ्या प्रकारातला. तुमच्या जगात त्याला नवसाने झालेला मुलगा करा. आईने देवचाराकडे मागून घेतलेला. लोक त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत, पण खाडीत कोणी हरवलं की रात्री दार त्याचंच ठोठावतात. आकडे टीफलिंगचे जसेच्या तसे ठेवा: अंधारात दिसणं, आगीचं निम्मं नुकसान, तो लहानसा थॉमटर्जीचा मंत्र ज्याने दिवा फडफडतो आणि आवाज घुमतो. फक्त शिंगं नाहीत. असं त्याला एकट्याला फोन करून सुचवा, ग्रुपवर नको. ग्रुपवर त्याला हरणं भाग पडेल, आणि हरायला कोणाला आवडत नाही. गप्प झालेल्या मैत्रिणीलाही फोन करा, तिला आधी.

सगळेच माणसं असतील तर वेगळेपण कुठून आणायचं, ही तुमची खरी अडचण आहे आणि तिच्यावर तोडगा आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या पेंड्रॅगनमध्ये सगळे खेळाडू आर्थर राजाच्या काळातले नाइटच असतात. सगळ्यांकडे तोच घोडा, तोच भाला. फरक कशाने पडतो, तर स्वभावाच्या तेरा जोड्यांनी: दयाळू-क्रूर, उदार-स्वार्थी, विश्वासू-संशयी अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया सोळा असेल तर क्रौर्य चार, आणि ऐन प्रसंगी फासा टाकून ठरतं की तुमचा नाइट शत्रूला सोडतो की मारतो. एकाच साच्यातले चार नाइट दोन बैठकींत ओळखू येण्याइतके वेगळे होतात. ती युक्ती उचलायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट मात्र करू नका. पत्रासोबत पाठवलेल्या मसुद्याच्या तळाशी एक ओळ आहे: 'रेसऐवजी जात ठेवू का? प्रत्येकीला वेगळे बोनस.' अजिबात नको. अमक्या घरात जन्मला म्हणून बुद्धी अधिक दोन आणि तमक्या घरात म्हणून ताकद, हे आपण वीस बाजूंच्या फाशाशिवायच खूप खेळलोय. खेळ काढणाऱ्यांनासुद्धा हे हळूहळू उमगलं. २०२० मध्ये टॅशाज कॉल्ड्रन या पुस्तकात रेसचे बोनस हवे तिकडे वळवायची मुभा दिली आणि २०२४ च्या हँडबुकात ते रेसपासून तोडून बॅकग्राउंडला जोडले, म्हणजे माणूस काय करत वाढला त्याला. मच्छीमाराचं पोर खाडीकाठी वाढलं म्हणून त्याला पोहता येतं, भरतीची वेळ कळते. पुस्तकातलं सेलर हे बॅकग्राउंड घ्या, काम होतं. त्यात बोनस आहेत, कौशल्यं आहेत, आणि कोणाचं आडनाव विचारावं लागत नाही.

बाई, इथे एका जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला १९७८ चं प्लेयर्स हँडबुक मिळालं. मुलगी चाळत होती, तिने विचारलं की बायकांच्या पात्रांना ताकदीची वेगळी मर्यादा का आहे? मला आधी वाटलं तिने चुकीचं वाचलं. ड्वार्फ आणि एल्फनाही अमुक लेव्हलच्या वर जाता येत नाही असं दिसतं. हे सगळं कशासाठी होतं? (एडिसन, न्यू जर्सी)

मुलीने बरोबर वाचलंय. ताकदीचा आकडा साधारण तीन ते अठरा. फायटरला अठरा मिळाले तर तो शंभराचा फासा टाकून अठराच्याही पुढची टक्केवारी काढायचा. पुरुष पूर्ण शंभरपर्यंत जाऊ शके, बाई पन्नासवर थांबे. हाफलिंगमध्ये पुरुषाला सतरा, बाईला चौदा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही तफावत काढून टाकली आणि तिच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. ड्रॅगनच्या तोंडातून निघालेल्या आगीतून उडी मारून बाजूला होणारी बाई चालते, पण तिचं मनगट पुरुषाइतकं भक्कम असलेलं चालत नाही, यात वास्तववाद कुठे आहे ते मला कळलेलं नाही.

लेव्हलच्या मर्यादेची गोष्ट मात्र जास्त खोल आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका अशा रूपात आला. क्लास तीनच: फायटिंग मॅन, मॅजिक युजर, क्लेरिक. ड्वार्फला फक्त फायटिंग मॅन होता येई, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत. हॉबिट चौथ्या लेव्हलला थांबे. (हॉबिटचं पुढे कायद्याच्या कटकटीमुळे हाफलिंग झालं.) एल्फला दोन क्लास, पण फायटिंग मॅन म्हणून चौथी लेव्हल आणि मॅजिक युजर म्हणून आठवी, बस. माणसाला मर्यादा नाही. गायगॅक्स यांचं म्हणणं असं, आणि १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्यांनी ते ठासून मांडलंय, की खेळाचं जग माणसांचं आहे आणि माणसांचंच राहिलं पाहिजे. एल्फला अंधारात दिसतं, गुप्त दारं सापडतात. या सवलतींची किंमत म्हणून वर झाकण.

हेतू मला कळतो. पण तीस वर्षं वर्गात अपूर्णांक शिकवलेली बाई म्हणून सांगते, हिशेब कच्चा आहे. चौथ्या लेव्हलच्या झाकणाची किंमत पहिल्या तीन लेव्हलांना शून्य, आणि चौथीनंतर सगळीच्या सगळी. कॅम्पेन लवकर मोडलं, आणि बहुतेक मोडतातच, तर एल्फवाल्याने सवलती फुकट खाल्ल्या. कॅम्पेन लांबलं तर तोच बिचारा दर आठवड्याला येऊन बाकीच्यांची बढती बघत बसतो. दोन्हीकडे तोल नाही. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ही झाकणं गेली.

त्या पुस्तकात पॅलाडिनचं, म्हणजे धर्मयोद्ध्याचं, पानही काढा. पॅलाडिन फक्त माणूस, फक्त सत्शील आणि कायदा पाळणारा, आणि करिष्मा कमीत कमी सतरा. हे आकडे साध्या फाशांवर यायचे. तीन फासे टाकले तर एकूण २१६ शक्यता. त्यांतल्या सतरा किंवा अठरा देणाऱ्या चारच. चोपन्नात एक. चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून द्यायची सढळ पद्धत घेतली तरी १२९६ पैकी ७५, म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत. वर ताकद, बुद्धी, शहाणपण, तब्येत यांच्या वेगळ्या अटी. मुलीला कागदावर सगळ्या शक्यता मांडायला लावा, तिला मजा येईल. याचा परिणाम असा, की पॅलाडिन दिसला की टेबल उठून बसायचं. दुर्मीळपणा नुसता लिहून ठेवलेला नव्हता, तो फाशात होता. त्याची दुसरी बाजू अशी की कोणाला पॅलाडिन मिळणार हे नशीब ठरवायचं, ज्याला खरंच आवडेल तो नव्हे. आजच्या पोरांना ते सहन व्हायचं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पण तो थरार मी नाकारणार नाही.

१९८९ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट झाली. मूळ हँडबुकातून असॅसिन (मारेकऱ्याचा क्लास) आणि हाफ-ऑर्क (एक रेस) गळाले, आणि डेमन-डेव्हिल हे शब्दही काढून त्यांना भलतीच नावं दिली. अमेरिकेत त्या काळात हा खेळ सैतानाची पूजा शिकवतो असं पालकांनी आणि चर्चमंडळींनी उठवलं होतं. म्हणजे ही काटछाट खेळाच्या तोलासाठी नव्हती, शेजाऱ्यांच्या तोंडासाठी होती. पुढे दोघेही परत आले.

बाई, आमच्या डीएमने माझा आराकोक्रा (पंखवाला पक्षी-माणूस) नाकारला. आणि तुम्हीही उडणारी पात्रं चालत नाहीत लिहिलंत! पक्ष्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? (नाशिक)

पक्ष्यांनी माझं काही नाही, माझ्या कड्यांचं घोडं मारलंय. मूळ आराकोक्रा पहिल्या लेव्हलला एका फेरीत पन्नास फूट उडतो. लाँगबो दीडशे फुटांवर बिनचूक आणि सहाशेपर्यंत अडखळत मारता येतो. म्हणजे वरून बाण सोडत बसायचं आणि खालचा लांडगा, अस्वल, गदावाला ओगर यांनी मान वर करून बघायचं. दरी, नदी, तट, खड्ड्यातला सापळा, हे पहिल्या चार लेव्हलांचं डीएमचं सगळं भांडवल. ते एका खेळाडूसाठी संपतं आणि बाकीचे चौघे दोर बांधत बसतात, हे मला जास्त खटकतं.

पण नाकारण्याआधी तुमच्या डीएमने एक सौदा करायला हवा होता. विझार्डला पाचव्या लेव्हलला फ्लाय हा मंत्र मिळतो. त्यानंतर उडणं टेबलावर असतंच. तेव्हा पाचवीपर्यंत तुमच्या पिल्लाचे पंख ओले आहेत, फार तर उंचावरून अलगद उतरता येतं आणि उडी लांब पडते. पाचवीला आकाश तुमचं. २०२२ च्या पुस्तकात आराकोक्राचा उडण्याचा वेग चालण्याइतकाच केलाय, तोच धरा. आणि चिलखताचा हट्ट धरू नका. मध्यम किंवा जड चिलखत घालून त्याला तसंही उडता येत नाही.

मॅडम, आमच्या डीएमने कॅम्पेनच्या मधोमध मल्टिक्लासिंग (एकाच पात्राला दोन क्लास) बंद केलं. माझी सॉर्सरर-वॉरलॉक सहाव्या लेव्हलला आहे. तो म्हणतो, 'इंटरनेटवर वाचलं, हे कॉम्बो ब्रोकन आहे.' मी अजून काही ब्रोकन केलंसुद्धा नाही. (वाशी)

तुझ्या डीएमने काय वाचलं ते मला ठाऊक आहे. वॉरलॉकचे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी, तासाभराच्या विश्रांतीने परत येतात. सॉर्सरर ते मोडून पॉइंट करतो आणि पॉइंटचे पुन्हा स्लॉट. आता रात्री झोपायचंच नाही, फक्त तासातासाने टेकायचं, तर स्लॉट साठत जातात. कॉफीलॉक म्हणतात या प्रकाराला.

मल्टिक्लासिंग हा २०१४ च्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे, डीएम तो नाकारू शकतो. पण पात्र बनायच्या आधी. सहा लेव्हल वाढू दिलेलं पात्र केवळ भीतीपोटी मोडायला सांगणं याला मी नियम म्हणत नाही. शिवाय कॉफीलॉकवर बंदीची गरजच नाही. २०१७ च्या झॅनाथर्स गाइडमध्ये न झोपण्याचा नियम आहे: चोवीस तासांत एकदा रात्रभराची विश्रांती घेतली नाही की तब्येतीचा फासा, लक्ष्य दहा. पुढच्या प्रत्येक दिवशी ते पाचाने वाढतं, आणि फसलीस की थकव्याची एक पायरी. सहा पायऱ्या चढलीस की मेलीस. एवढं त्याला दाखव आणि सांग, मी रोज झोपेन. तरीही तो अडून राहिला तर सहाव्या लेव्हलचं नवीन पात्र, तेवढ्याच सामानासकट, ही तुझी मागणी रास्त आहे. पहिल्यापासून सुरू कर म्हणाला तर दुसरं टेबल शोध.

माझ्याकडे एक जण व्हँपायर व्हायचं म्हणतोय. नाही म्हणून सांगू ना? (कोल्हापूर)

थांबा जरा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, खेळ छापून यायच्या आधी, आर्नेसन मिनेसोटात त्यांच्या ब्लॅकमूर नावाच्या जगात मित्रांना खेळवत असत. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं, सर फँग. ते इतकं जड व्हायला लागलं की त्याला आवरायला दुसऱ्या एका खेळाडूला धर्मगुरू केलं, पिशाच्चांना पळवून लावणारा. आज प्रत्येक हँडबुकात असलेला क्लेरिक तिथून आला. तेव्हा बंदी घातली असती तर गेल्या पन्नास वर्षांतल्या पात्रांच्या जखमा कोणी भरल्या असत्या कोण जाणे.

तुम्ही लगेच हो म्हणा असं नाही. पण त्याला विचारा: दिवसा बाकीची पार्टी (पात्रांची टोळी) प्रवास करते तेव्हा तू कुठे असतोस? रक्त कोणाचं? बोलावल्याशिवाय घरात पाऊल ठेवता येत नाही, मग पाटलाच्या वाड्यात चोरी कशी करणार? उत्तरं रंगवून सांगितली तर घ्या. 'ते तुम्ही बघा ना सर' म्हणाला तर देऊ नका.

एकेक जण वेगवेगळ्या पुस्तकांतून आणि कुठल्या कुठल्या पीडीएफमधून क्लास आणतो. मला सगळं वाचायला वेळ नाही. काय करू? आणि सिल्व्हरी बार्ब्ज हा मंत्र चालू द्यायचा का? (नागपूर)

मूळ हँडबुक अधिक एक पुस्तक. अ‍ॅडव्हेंचरर्स लीग या संघटित खेळात हा नियम बरीच वर्षं होता आणि तो सोपा आहे: पात्र बनवताना हँडबुक आणि तुझ्या आवडीचं आणखी एकच. लोक ज्या जोड्या जमवून डीएमला घाम फोडतात त्या बहुतेक तीन-चार पुस्तकं एकत्र आणूनच जमतात. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत याहून बरी सोय आहे. प्रत्येक मंत्र, शस्त्र, वंश यांच्यावर कॉमन, अनकॉमन, रेअर असा शिक्काच मारलाय. कॉमन बिनधास्त घ्या, बाकीसाठी विचारा. घरगुती पीडीएफ असेल तर खेळाडूने स्वतः त्याचं एक पान सारांश करून आणायचं. आळशी लोक तिथेच गळतात.

आणि सिल्व्हरी बार्ब्जबद्दल विचारलंत. माझ्या टेबलावर नाही. २०२१ चा पहिल्या लेव्हलचा मंत्र, समोरच्याचा यशस्वी फासा पुन्हा टाकायला लावतो. ताकदीचं मी चालवून घेतलं असतं, पण प्रत्येक फाशाला 'थांबा, थांबा' होतं आणि बैठक रेंगाळते. मला भाकऱ्या टाकायला घरी जायचं असतं.

सगळ्यांनाच एकटं फिरणारं, कोणाशी न बोलणारं, आईबाप मेलेलं पात्र हवं असतं. बॅन करू का? (सातारा)

आईबाप मारू देत. पण पात्राच्या शीटवर एक रकाना वाढवा: 'या पार्टीतल्या कोणाचं मी देणं लागतो आणि किती?' तो कोरा असेल तर पात्र अपुरं, खेळायला बसता येणार नाही.

बाई मी अकरा वर्षांचा आहे. मला ड्रॅगन व्हायचंय. ड्रॅगनबॉर्न नाही, खरा ड्रॅगन. दादा डीएम आहे, तो म्हणतो असं पुस्तकात नसतं. (चिपळूण)

दादाला सांग, असतं. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकेत लिहिलंय की खेळाडूला जवळजवळ काहीही होऊ द्यायला हरकत नाही, फक्त सुरुवात कमजोर हवी आणि वाढ पायरीपायरीने, ती डीएमने ठरवायची. आणि उदाहरण कुठलं दिलंय माहीत आहे? ड्रॅगन व्हायचं असेल तर आधी पिल्लू हो.

तेव्हा तू पिल्लू. मोठ्या कुत्र्याएवढा. उडता येत नाही, तोंडातून आग दिवसातून एकदा, तीही समोरच्या एकालाच. चिलखत घालायचं नाही, हातात तलवार धरता येत नाही, दारं उघडायला दुसरं कोणी लागेल. सोनं सापडलं की ते सोडून पुढे जायला तुला फासा टाकावा लागेल, कारण तू ड्रॅगन आहेस. दर लेव्हलला दादा एक गोष्ट वाढवेल: आधी नख्या, मग खवले, पंख सगळ्यात शेवटी. आणि त्याला हेही सांग की गावाच्या वेशीवर लोक काठ्या घेऊन उभे राहणार आहेत, तर त्या पाटलाचं नाव आणि त्याच्या हरवलेल्या शेळ्यांचा आकडा रविवारपर्यंत ठरवून ठेव.